ठिपक्याचं माप

मागच्या वर्षी आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक महिनाभर रजेवर होते आणि आठवीचा विज्ञानाचा तास माझ्या वाट्याला आला. मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवते, बी.एड.ही भाषेतच केलं. तरी तास रिकामा जाऊ नये म्हणून सूर्यमालेचा धडा उघडला. फळ्यावर ग्रह काढले, मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये खडूने बरेच ठिपके मारले आणि सांगितलं, हे लघुग्रह. उर्दूत सय्यारचे. बागचा लहान तो बगीचा, तसा सय्याऱ्याचा लहान तो सय्यारचा. भाषेच्या बाईला एवढं पुरेसं होतं.

मग पुस्तकातलं वाक्य वाचलं, की सेरेस हा सर्वांत मोठा लघुग्रह, त्याचा व्यास साधारण 940 किलोमीटर. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, वो तो टिपकाच दिखता ना? फिर कित्ता बडा है, ये कैसे मालूम पडा?"

मी म्हटलं, "मोठ्या दुर्बिणीतून बघतात." ती बसली. पण तिला पटलं नव्हतं, आणि मलाही नव्हतं. लांबचा दिवा मोठा आहे की जवळचा दिवा लहान, हे नुसतं बघून कळत नाही. मोशीला रात्री गच्चीवर उभं राहिलं की भोसरीकडचे कारखान्यांचे दिवे दिसतात, नाशिक रस्त्यावरच्या ट्रकचे दिसतात. कोणता बल्ब केवढा, हे कोण सांगणार?

त्या मुलीला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते दुरुस्त करायला मला सहा-सात आठवडे लागले. त्यात जे हाती लागलं, ते आज इथे मांडते.

गोष्ट पालेर्मोपासून सुरू होते. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे, त्याची ही राजधानी. नवव्या ते अकराव्या शतकात हे शहर मुस्लिम अमीरांच्या ताब्यात होतं. अमीराच्या किल्ल्याच्या जागेवर पुढे नॉर्मन राजांनी महाल बांधला आणि त्याच महालाच्या मनोऱ्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस वेधशाळा उभी राहिली. तिथे 1 जानेवारी 1801 च्या रात्री जुसेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची यादी करत होता. एक अनोळखी ठिपका दिसला. पुढच्या रात्रींत तो जागेवरून सरकला. तोच सेरेस. पुढच्या वर्षी पॅलस सापडला, मग 1804 मध्ये जूनो आणि 1807 मध्ये व्हेस्टा.

आता प्रश्न तोच, आमच्या मागच्या बाकावरचा. केवढे आहेत हे?

इंग्लंडमध्ये त्या वेळी विल्यम हर्शेल हा युरेनस शोधणारा माणूस होता. त्याच्या दुर्बिणी जगात नावाजलेल्या. त्याने 1802 मध्ये सेरेस मोजला आणि व्यास सांगितला सुमारे 162 मैल, म्हणजे 260 किलोमीटर. त्याच काळात जर्मनीतल्या श्रोटरने तोच सेरेस मोजला आणि त्याचं उत्तर हर्शेलच्या कितीतरी पट मोठं आलं. दोघेही प्रामाणिक, दोघेही अनुभवी. पण दुर्बिणीत ठिपका थरथरतो, हवेमुळे पसरतो, त्याची कड हाती लागत नाही. हर्शेलनेच तेव्हा या वस्तूंना नवं नाव दिलं, अ‍ॅस्टरॉइड. अर्थ, ताऱ्यासारखा दिसणारा. म्हणजे त्या नावातच कबुली आहे, की आम्हाला फक्त ठिपका दिसतो.

आणि गंमत बघा. दोनच वर्षं आधी, 1800 मध्ये, याच हर्शेलने सूर्याचा प्रकाश लोलकातून सोडला होता आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून कोणता रंग किती तापवतो ते पाहिलं होतं. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेला थर्मामीटर सर्वांत जास्त चढला. डोळ्याला न दिसणारा हा प्रकाश म्हणजे अवरक्त किरण. ठिपक्याचं माप काढण्याची किल्ली याच किरणांत होती. किल्ली शोधणारा आणि कुलपाशी अडलेला माणूस एकच होता, आणि ते त्याला कळायला मार्ग नव्हता. मधे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जायची होती.

या पावणेदोनशे वर्षांत एक पान हिंदुस्थानचंही आहे. नॉर्मन पॉगसन नावाचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ 1861 मध्ये मद्रासच्या सरकारी वेधशाळेत आला आणि 1891 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. आल्यावर काही महिन्यांतच, 17 एप्रिल 1861 ला, त्याला एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला, म्हणून त्याचं नावच एशिया ठेवलं. पुढे 1866 मध्ये सिल्व्हिया आणि 1868 मध्ये कॅमिला सापडले. हे दोन्ही लघुग्रह आज पट्ट्यातल्या मोठ्यांत गणले जातात, अडीचशे किलोमीटरच्या आसपासचे. सिल्व्हियाला तर स्वतःचे दोन छोटे चंद्र आहेत. पॉगसनला यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. दोन्ही लघुग्रह कोळशासारखे काळे आहेत. अंगावर पडलेल्या उजेडातला शंभरातला चार-पाच भागच परत फेकतात. त्याला दिसले ते दोन मंद ठिपके, इतर मंद ठिपक्यांसारखेच.

याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे साहाय्यक होते. 1867 मध्ये त्यांनी एक रूपविकारी तारा, म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा शोधला. 1874 मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, तेव्हा लोकांना ते समजावं म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली. ती इंग्रजीबरोबर कन्नड आणि उर्दूतही निघाली. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. दीडशे वर्षांपूर्वी मद्रासमधल्या एका तमिळ माणसाला वाटलं, की आकाशात काय घडतंय ते उर्दू वाचणाऱ्यालाही कळलं पाहिजे. आणि मी उर्दूची शिक्षिका असून मुलांना नुसता शब्दाचा अर्थ सांगून मोकळी झाले होते.

पॉगसनचं आणखी एक काम मोठं आहे. ताऱ्याचं तेज किती, हे सांगायची पद्धत फार जुनी, ठळक तारा पहिल्या प्रतीचा आणि जेमतेम दिसणारा सहाव्या प्रतीचा. पॉगसनने 1856 मध्ये सुचवलं की पहिल्या आणि सहाव्या प्रतीत बरोबर शंभर पटींचा फरक धरावा. आजही जग तेच माप वापरतं.

इथे मला आमच्या शाळेतला तक्ता आठवला. 'मुस्लिम शास्त्रज्ञ' असा तक्ता तुम्हीही पाहिला असेल, बहुतेक उर्दू शाळांत असतो. पगडीतली चित्रं, खाली एकेक ओळ. त्यात अब्दुर्रहमान अल-सूफी आहेत. दर वर्षी मी मुलांकडून नावं पाठ करून घेते, टाळ्या वाजवायला लावते. कौतुक करायचं, पण त्यांनी नेमकं काय केलं ते सांगायचं नाही, असा आमचा शिरस्ता.

अल-सूफींनी साधारण 964 मध्ये स्थिर ताऱ्यांचं पुस्तक लिहिलं. त्याआधी आठशे वर्षं टॉलेमीची यादी प्रमाण मानली जात होती. ताऱ्यांच्या जागा अल-सूफींनी नव्याने मोजल्या नाहीत. टॉलेमीच्याच घेतल्या आणि मधल्या काळात जितका फरक पडला असेल तितका मिळवला. हेही तक्त्यावर असायला हवं, कारण ते खरं आहे. पण तेजाच्या बाबतीत त्यांनी टॉलेमीवर विसंबायला नकार दिला. एकेक तारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि जिथे टॉलेमीची प्रत जुळली नाही तिथे तसं लिहून ठेवलं. अल-सूफींचा मोठेपणा ते 'आपले' होते यात नाही, त्यांनी पुन्हा बघितलं यात आहे. आपण नाव पाठ केलं आणि सवय विसरलो.

आता परत त्या मुलीच्या प्रश्नाकडे.

तेज मोजता आलं तरी आकार कळत नाही, कारण लघुग्रह दिव्यासारखा स्वतः पेटलेला नसतो. तो सूर्याचा उजेड परत फेकतो. मोठा काळा धोंडा आणि लहान पांढरा धोंडा लांबून सारखेच उजळ दिसतात. व्हेस्टा सेरेसपेक्षा बराच लहान, तरी आपल्याला जास्त तेजस्वी दिसतो, कारण तो उजेडाचा मोठा वाटा परत पाठवतो आणि सेरेस जेमतेम दहावा भाग. 1890 च्या दशकात बार्नार्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने त्या काळच्या उत्तम दुर्बिणीतून चिकाटीने मापं घेतली. व्हेस्टा त्याला 390 किलोमीटरचा वाटला. खरा तो सव्वापाचशेच्या आसपास आहे.

पण जो उजेड परत फेकला जात नाही, तो जातो कुठे? दगडात मुरतो. दगड तापतो आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. काळा दगड उजेड कमी फेकतो, पण उष्णता जास्त टाकतो. पांढऱ्याचं उलट. म्हणून दोन्ही मोजायचं, परत आलेला उजेड आणि बाहेर पडलेली उष्णता. दोन अज्ञात गोष्टी, आकार आणि काळेपणा. दोन समीकरणं. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित माहीत असतं. 1970 च्या सुमाराला डेव्हिड अ‍ॅलन आणि डेनिस मॅटसन यांनी ही युक्ती वापरायला सुरुवात केली, आणि व्हेस्टा बार्नार्डच्या आकड्यापेक्षा बराच मोठा निघाला.

अडचण आपल्या हवेची आहे. हवेतली वाफ अवरक्ताचा मोठा भाग गिळते आणि दूर-अवरक्त, म्हणजे त्यातल्या लांब लहरी, जमिनीपर्यंत जवळजवळ येतच नाहीत. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. 1983 मध्ये आयरास हा उपग्रह गेला आणि त्याने दहा महिन्यांत केलेल्या पाहणीतून दोन हजारांच्या आसपास लघुग्रहांची मापं निघाली. जपानच्या अकारी उपग्रहाच्या यादीत पाच हजारांहून जास्त लघुग्रह आले.

ज्या देशाला उपग्रह परवडत नाही त्याने काय करायचं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने फुगा वापरला. एक मीटर व्यासाच्या आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण मुंबईच्या शास्त्रज्ञांनी आणि कारागिरांनी बनवली. हैदराबादहून भल्यामोठ्या प्लास्टिकच्या फुग्याला टांगून ती तीस किलोमीटरच्या वर जायची, रात्रभर आकाश बघायची आणि मग पॅराशूटने खाली यायची. तिच्यातले उष्णता टिपणारे संवेदक द्रव हीलियमने निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 0.3 अंशांपर्यंत थंड केलेले असायचे. दुर्बीण स्वतःच गरम असेल तर ती स्वतःचीच उष्णता मोजत बसेल. या दुर्बिणीचं मुख्य लक्ष लघुग्रहांकडे नव्हतं, तारे जन्मतात त्या ढगांकडे होतं. पण त्या ढगांचे आकडे खरे मानायचे तर आधी दुर्बीण खरी आहे हे पाहावं लागे, आणि त्यासाठी ती गुरूसारख्या ओळखीच्या ग्रहाकडे वळवली जाई.

असे फुगे वाऱ्याबरोबर कधीकधी आपल्या सोलापूर, लातूर, नांदेडकडे उतरतात. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी, मी तिसरी-चौथीत असताना, एक पेटी तुरीच्या शेतात उतरली होती. कोणी म्हणालं बॉम्ब आहे, कोणी म्हणालं पाकिस्तानची आहे. पाकिस्तान हा शब्द निघाला की गावातल्या आमच्या आठ-दहा घरांकडे नजरा वळायच्या. माझे आजोबा पुढे झाले. पेटीवरची सूचना त्यांनी गावातल्या मास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतली, की ही वैज्ञानिक उपकरणं आहेत, हात लावू नका, पोलिसांना कळवा. मग पोलीस येईपर्यंत रात्रभर ते पेटीपाशी घोंगडी टाकून बसले. आतलं सामान काय आहे याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. अम्मी सांगायची, सकाळी घरी आले तेव्हा एवढंच म्हणाले, कोणाची तरी अमानत होती.

2009 मध्ये युरोपने हर्शेल नावाचीच दुर्बीण अवकाशात पाठवली. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर, साडेतीन मीटर व्यासाचा आरसा. काम दूर-अवरक्त पाहायचं. पण तिच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा? गुरू-मंगळ तिच्यासाठी फार प्रखर, तर बहुतेक तारे या लहरींत फार मंद. मधलं वजन हवं होतं. थॉमस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोठ्या लघुग्रहांत शोधलं. सेरेस, पॅलस, व्हेस्टा आणि ल्युटेशिया या चौघांना हर्शेलची प्रमाण वजनं म्हणून वापरलं गेलं. लघुग्रह किती वेळात गिरकी घेतो, त्याचा आकार कसा, त्या दिवशी तो सूर्यापासून किती दूर, त्याच्या अंगावरची धूळ कशी, एवढं सगळं गणितात घालायचं. धूळ का? वैशाखात नदीकाठची वाळू दुपारी पाय भाजते आणि सूर्य मावळल्यावर लगेच निवते. कातळ मात्र इशापर्यंत ऊब धरतो. मोठ्या लघुग्रहांवर बारीक धुळीचा थर आहे, म्हणून त्यांची रात्रीची बाजू पटकन गार पडते. हे सगळं धरलं तर त्यांची उष्णता पाच टक्क्यांच्या आतबाहेर आधीच सांगता येते.

आणि हे माप तपासलंही गेलं. 10 जुलै 2010 ला रोझेटा यान ल्युटेशियाजवळून गेलं. सुमारे शंभर किलोमीटरचा तो धोंडा अवरक्ताने सांगितला होता तेवढाच निघाला. डॉन यान 2011 मध्ये व्हेस्टाभोवती आणि 2015 मध्ये सेरेसभोवती फिरायला लागलं. ते सेरेसला पोचण्याआधीच, 2014 च्या जानेवारीत, हर्शेलच्या निरीक्षणांतून आणखी एक बातमी आली होती. सेरेसवरून पाण्याची वाफ निघते, सेकंदाला सुमारे सहा किलो. अडीचशे मैलांपलीकडचं नव्हे, कोट्यवधी किलोमीटर लांबचं मूठभर पाणी! 29 एप्रिल 2013 ला हर्शेलमधलं हीलियम संपलं आणि तिचे संवेदक आंधळे झाले.

हे सगळं मी वहीत उतरवलं आणि शाळेत न्यायचा दिवस ठरवला. त्याआधी पालकसभा आली. त्या मुलीचे अब्बा चाकणच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला आहेत. सभेला येतात, मागच्या भिंतीशी बसतात, सही करतात आणि जातात. मी त्यांना मुलीचा प्रश्न सांगितला आणि म्हटलं, उत्तर उष्णतेत आहे. ते पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. "टेम्परेचर गनच है ना वो? लेकिन चमकीला माल धोका देता, टीचर. गरम रहता, पर गन कम दिखाती. सरफेस कैसा है, ये पहले गनको बताना पडता।"

मी विचारलं, गन बरोबर आहे हे कशावरून ठरवता?

"कॅलिब्रेशन। हर साल। ऐसी भट्टीके सामने पकडते जिसका टेम्परेचर पक्का मालूम है। फिर स्टिकर लगता, तारीखके साथ। स्टिकर नहीं, तो वो गन नहीं चलती।"

माझ्या वहीतली दहा पानं त्यांनी चार वाक्यांत सांगितली होती. दगडाचं गणित आणि लोखंडाचं गणित अगदी एक नाही. पण पृष्ठभाग ओळखल्याशिवाय आकड्यावर विश्वास नाही, आणि ओळखीच्या वस्तूवर तपासल्याशिवाय मापकावर विश्वास नाही, हे दोन्हीकडे तंतोतंत तेच. मी त्यांना विचारलं, हे वर्गात येऊन सांगाल? ते म्हणाले, "मैं? मैं तो नौवी फेल।" मी म्हटलं, या.

सुट्टीच्या दिवशी जादा तास ठेवला. ते इस्त्री केलेला शर्ट घालून आले. खिशात स्टिकरचा फोटो असलेला मोबाइल. आधी मी वर्गाला सांगितलं की मागे मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. मग ते बोलले, भट्टीबद्दल, गनबद्दल. मग मी फळ्यावर दोन गोल काढले, एक काळा मोठा, एक पांढरा लहान. मुलगी या वेळी पुढच्या बाकावर होती. अब्बा बोलत असताना ती खाली बघत होती. लाजून की आनंदाने, मला सांगता येणार नाही.

तास संपल्यावर तिने विचारलं, "टीचर, गन भट्टीपे चेक करते, दुर्बीण सेरेसपे। लेकिन सेरेस बराबर है, ये पहली बार किसने चेक किया?"

तिच्या अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी घाईने उत्तर दिलं नाही. यानाने तिथे जाऊन मापं घेतली, ते सांगितलं. मग तिने विचारलं, आणि यानाचा कॅमेरा?

तो प्रश्न मी वहीत लिहून घेतला आहे. तक्त्यावर अल-सूफींच्या नावाखालची जुनी ओळ खोडून आम्ही नवी लिहिली, उर्दूत आणि मराठीत. जागा टॉलेमीच्या घेतल्या, तेज मात्र स्वतः पुन्हा पाहिलं. पाहुण्यांना ती ओळ थोडी विचित्र वाटते. मुलांना वाटत नाही.